डॉक्टर मित्राला टीबी झाला आहे, आम्ही किती पैसे गोळा करावेत?

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. विचारणारे डॉक्टर पूर्व विदर्भातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आहेत. त्यांचा बॅचमेट, वय तेहतीस, दुसऱ्या तालुक्यात कंत्राटी वैद्यकीय अधिकारी आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याला एमडीआर टीबी, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी, निघाला. लिनेझोलिड हे अँटिबायोटिक असलेला सहा महिन्यांचा कोर्स सुरू आहे. रजा संपल्या, मागच्या महिन्यापासून पगार बंद. घरी बायको, तीन वर्षांची मुलगी, गाडीचा हप्ता, गावी वडिलांची कोरडवाहू कपाशी. बॅचच्या ग्रुपवर असं ठरतंय की त्याचा फोटो आणि हकीकत टाकून ‘महागड्या औषधांसाठी’ तीन लाख गोळा करायचे. तो स्वतः फोन उचलत नाही. झोपेची गोळी आणि ‘आणखी एक डिप्रेशनची’ स्वतःच्या मनाने घेतो, असं वहिनींनी सांगितलं. किती गोळा करावेत, कोणाच्या हाती द्यावेत, आणि डॉक्टरांना मदत करणारा एखादा निधी आहे का, असं विचारलं आहे.

माझ्याबद्दल दोन ओळी. वणी–चंद्रपूर पट्ट्यात आधी कोळसा खाणीच्या दवाखान्यात आणि मग सिमेंट कारखान्यात मिळून सव्वीस वर्षं मी वैद्यकीय अधिकारी होतो. मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक आरोग्याचा एएफआयएच कोर्स केला. गेली नऊ वर्षं आमच्या भागातल्या डॉक्टरांनी मिळून उभा केलेल्या एका छोट्या मदतनिधीसाठी काम करतो. आजारी डॉक्टर कामावर कधी आणि कसा परतेल, हे ठरवायला मदत करणं हे माझं काम.

डॉक्टर, तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात आधी दिसली ती ‘आणखी एक गोळी’. पैशाचं नंतर. आज रात्रीच वहिनींना फोन करा आणि त्या पाकिटावरचं नाव वाचून घ्या. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांपैकी काही असेल, तर ती लिनेझोलिडबरोबर चालत नाही, सेरोटोनिन सिंड्रोम (शरीरात सेरोटोनिन धोकादायक वाढणं) होऊ शकतो. शिवाय त्याच्या कोर्समधली बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन दोन्ही ईसीजीतलं क्यूटी हे अंतर लांबवतात, म्हणजे हृदयाचे ठोके बिघडायचा धोका वाढतो, त्यात एस्सिटालोप्रामची भर पडते. थरथर, घाम, ताप, अस्वस्थपणा यांतलं काही असेल तर सकाळची वाट पाहू नका. काहीच नसेल तरी उद्या सकाळी त्याच्या डीआर-टीबी (औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या) केंद्रातल्या डॉक्टरांना हे कळलंच पाहिजे. गोळी कशी बंद करायची, बदल्यात काय द्यायचं, ईसीजी कधी काढायचा हे त्यांनी ठरवावं. तुम्ही फोनवरून ठरवू नका, आणि त्यालाही ठरवू देऊ नका.

हे त्याला माहीत नसेल असं नाही. एमबीबीएस झालेल्या माणसाला शोधायला दोन मिनिटं लागतात. पण आजारी डॉक्टर स्वतःचा केसपेपर काढत नाही, आणि मला खरी अडचण तिथे दिसते. आपल्या व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेत लिहिलं आहे की दुसऱ्या डॉक्टरची आणि त्याच्या कुटुंबाची विनामूल्य सेवा करण्यात डॉक्टरने आनंद आणि मान समजावा. फार चांगली गोष्ट आहे. पण गावाकडे त्याचं होतं काय, की फी नाही म्हणून केसपेपरही नाही. जिन्यात उभं राहून छातीचा फोटो दाखवला, ‘अरे काही नाही, घे हे पाच दिवस’, चहा झाला, संपलं. वजन कोणी केलं नाही, झोप लागते का विचारलं नाही, काय काय गोळ्या घेतोस हे विचारलं नाही. शेतमजुराला आपण हे सगळं विचारतो. डॉक्टरला विचारायची भीड वाटते.

म्हणून तुमचा प्रश्न मी असा वाचतो: मित्र आजारी आहे, त्याला स्वतःचा असा डॉक्टर नाही, पगार थांबलाय, आणि तो परत कामावर कसा व कधी जाणार हे कोणालाच माहीत नाही. तीन लाख यांतल्या एकाच गोष्टीला पुरतात, तेही काही महिने.

आता औषधं. त्यांच्यासाठी पैसे गोळा करू नका. टीबीची औषधं, एमडीआरचीसुद्धा, राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत मिळतात. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन असा सहा महिन्यांचा जो कोर्स आता बीपाल्म म्हणून चालतो, तोही मोफत. पूर्वी हाच उपचार दीड-दोन वर्षं चालायचा आणि त्यात महिनोन्‌महिने इंजेक्शनं असायची. त्या काळातला एक डॉक्टर मला आठवतो. कॅनामायसिन संपलं तेव्हा टीबी बरा झाला होता, पण उंच पट्टीतलं ऐकू येईनासं झालं होतं. तो माझ्याकडे आला तो स्टेथोस्कोप घेऊनच. माझ्या छातीवर लावला आणि म्हणाला, ‘सर, मला ठोके येतात, पण रेल्स (फुफ्फुसातली बारीक करकर) येत नाहीत. लहान मुलांची छाती मी आता कशी ऐकू?’ त्या प्रश्नाचं उत्तर पैशात नव्हतं. त्याच्या दवाखान्यात आम्ही आठवड्यातून तीन दिवस एक बालरोगतज्ज्ञ बसवला, आणि लहान मुलं त्या तीन दिवसांतच बोलवायची असं ठरलं. आजही तो दवाखाना चालू आहे.

तुमच्या मित्राच्या औषधांत ते इंजेक्शन नाही, पण लिनेझोलिड आहे. बोटांना मुंग्या, पायाला बधिरपणा, नजर मंद होणं, हिमोग्लोबिन उतरणं, हे त्याचे माहीत असलेले त्रास. बँकेतल्या माणसाच्या बोटांना मुंग्या आल्या तर तो त्रास काढेल. पीएचसीतला डॉक्टर टाके घालतो, अंधारात लेबर रूममध्ये शिरा शोधतो, रात्री मोटरसायकलवरून जंगलातल्या रस्त्याने उपकेंद्रावर जातो. त्याच्यासाठी बोटं आणि डोळे ही कामाची हत्यारं आहेत. म्हणून त्याच्या दर भेटीत रंग ओळखण्याची आणि नजरेची तपासणी, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, ईसीजी हे वेळेवर होतंय का, हे कोणीतरी पाहायला हवं. तो स्वतः पाहणार नाही. मुंग्या आल्या तरी सांगणार नाही, कारण औषध बदललं तर कोर्स लांबेल, आणि कोर्स लांबला तर पगार लांबेल.

फोटो टाकून पैसे गोळा करण्याबद्दल मी फार स्पष्ट बोलतो, कारण हे मी एकदा माझ्या डोळ्यांसमोर बिघडलेलं पाहिलं आहे आणि तेव्हा मी गप्प बसलो होतो. एका मोठ्या गावात खाजगी दवाखाना चालवणारा एक डॉक्टर. त्याला साधा, औषधांना दाद देणारा टीबी झाला. मित्रांनी अगदी मनापासून त्याचा फोटो, आजाराचं नाव, खातेक्रमांक असं सगळं एकत्र करून पाठवलं. पंधरा दिवसांत बऱ्यापैकी रक्कम जमली. तेवढ्याच दिवसांत तो संदेश गावातल्या सरपंचापासून पानठेल्यापर्यंत पोचला. ‘डाक्टरलेच टीबी हाये, त्याच्याकडं पोराले काऊन नेता?’ दोन महिन्यांनी तो थुंकी निगेटिव्ह होऊन, वजन भरून परत बसला, तेव्हा बाकावर कोणी नव्हतं. जमलेले पैसे पाच महिने पुरले. तो दवाखाना उभा करायला त्याला अकरा वर्षं लागली होती. शेवटी तो ते गाव सोडून गेला.

तुमच्या मित्राची नोकरी सरकारी आवारात आहे, त्यामुळे पेशंट तुटायची भीती थोडी कमी. पण करार दरवर्षी नव्याने होतो, आणि तो करणाऱ्या टेबलावर तुमचा संदेश पोचलेला असेल. टीबी हा २०१२ पासून कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. त्याची नोंद निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबी पोर्टलवर, आहेच, आणि ज्यांना कळायला हवं त्यांना कळलं आहे. बाकी कोणाला कळावं हे त्यानेच ठरवायचं. तुम्ही प्रश्नात त्याच्या केंद्राचं आणि गावाचं नाव लिहिलं होतं, ते मी वर गाळलं आहे. तुम्हीही काढून टाका. तेहतीस वर्षांचा, तीन वर्षांची मुलगी, अमुक पीएचसी, एवढ्यावर आपल्या भागात माणूस ओळखू येतो. आणि त्याच तालुक्यातल्या ओळखीच्या कर्मचाऱ्याकडून औषध घेणं त्याला जड जात असेल, तर निक्षयवर उपचाराची नोंद दुसऱ्या केंद्रात हलवता येते. पुष्कळ डॉक्टरांना हे ठाऊक असून स्वतःच्या बाबतीत सुचत नाही.

मग निधी कसा असावा? आमच्याकडे काय चालतं ते सांगतो, त्यात तुम्हाला उपयोगी वाटेल ते घ्या. ब्रिटनमध्ये रॉयल मेडिकल बेनेव्हलंट फंड १८३६ पासून आहे. डॉक्टर, वैद्यकीय विद्यार्थी आणि त्यांच्या कुटुंबांना पैशाची आणि सल्ल्याची मदत तिथे होते. आपल्याकडे आयएमएच्या, म्हणजे इंडियन मेडिकल असोसिएशनच्या, सामाजिक सुरक्षा योजना आहेत, पण त्यांचा मुख्य भर सभासद गेल्यावर कुटुंबाला रक्कम देण्यावर आहे. जिवंत, आजारी आणि पगार थांबलेल्या डॉक्टरसाठी आधार कमीच. ती जागा भरायला आम्ही काही जण एकत्र आलो. सुरुवात एका वहीवर झाली. पुढे रीतसर न्यास करून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवला, देणगीदाराला करसवलत मिळावी म्हणून आयकराच्या ८०जीची मान्यता घेतली, कारण दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब वहीवर ठेवला की चार वर्षांत माणसं तुटतात.

त्या निधीत एक नियम मी हट्टाने धरला आणि तो आजवर मोडू दिला नाही. उपचार करणारा डॉक्टर, कामाचा फिटनेस लिहिणारा डॉक्टर आणि पैसे मंजूर करणारी माणसं, ही तिन्ही वेगवेगळी हवीत. नियम मी खाणीत शिकलो. खाणीत कामगाराची ठराविक वर्षांनी पीएमई, म्हणजे नियतकालिक वैद्यकीय तपासणी, होते. सुरुवातीच्या काळात त्याच्यावर उपचारही मीच करायचो आणि पीएमईही मीच. एक वयस्क ड्रेसर (खाणीच्या छताचा सैल भाग पाडणारा कामगार) होता, दम लागायचा. एक दिवस दार लावून घेतलं आणि हात जोडून म्हणाला, ‘साहेब, मले अनफिट नका लिहू. सरफेसवर टाका, लाईट जॉब द्या, पण अनफिट नका लिहू.’ तेव्हा लक्षात आलं की हा माणूस गेली दोन वर्षं मला खोकल्याचं खरं सांगतच नव्हता, कारण मीच त्याची नोकरी काढून घेणारा होतो. त्यानंतर मी दोन गोष्टी सोडल्या नाहीत. ज्याच्यावर उपचार करतो त्याचा फिटनेस दुसऱ्याकडून लिहून घेतो. आणि ‘अनफिट’ हा शब्द लिहिण्याआधी ‘कोणतं काम करू शकतो’ हे एका कागदावर लिहून पाहतो.

डॉक्टरांच्या निधीत हेच लागू होतं. अर्जावर नावाऐवजी क्रमांक असतो. पैसे मंजूर करणाऱ्या तिघांना रोगाचं नाव कळत नाही. माझा एक पानाचा कागद त्यांच्याकडे जातो, त्यात एवढंच असतं: हा डॉक्टर अमुक तारखेपर्यंत काम करू शकणार नाही, त्यानंतर अमुक काम अर्धा वेळ करू शकेल, पुढची तपासणी अमुक तारखेला. त्यावरून घराचं किती महिन्यांचं गणित अडलंय ते समजतं. बाकीची माहिती घरच्या खर्चाची: हप्ते, भाडं, शाळा, किराणा, गावी पाठवायचे पैसे. नाव आणि खातेक्रमांक फक्त खजिनदाराकडे असतात.

रक्कम आम्ही एकदम देत नाही, आणि परतफेडीची म्हणूनही देत नाही. उसने दिले की माणूस फेडायच्या घाईत लवकर कामावर जातो. महिन्याच्या महिन्याला, फिटनेसच्या कागदाबरोबर पुढे चालू ठेवतो. शक्य तिथे थेट भरतो: बँकेचा हप्ता बँकेत, शाळेची फी शाळेत. घरखर्चाचे पैसे वहिनींच्या खात्यात जातात, त्याच्या संमतीने. तुमच्या बॅचला माझा सल्ला हाच. तीन लाखांचा आकडा सोडा. सहा महिने कोर्स आणि पुढचे दोन महिने, असे त्याच्या घराला पगाराशिवाय काय लागतं ते वहिनींबरोबर बसून लिहा. बहुतेक वेळा आकडा वाटतो त्यापेक्षा कमी निघतो, पण मुदत वाटते त्यापेक्षा जास्त निघते. चाळीस मित्रांनी दरमहा थोडे दिले तर तो खर्च फोटोविना भागतो. मित्रांपैकी दोघांनीच हिशेब ठेवावा, बाकीच्यांनी विचारू नये.

बँकेला आधीच एक पत्र द्या. आजारपणाच्या दाखल्यासह हप्ता पुढे ढकलण्याची किंवा मुदत वाढवण्याची विनंती हप्ता थकण्याआधी केली तर ऐकली जाण्याची शक्यता जास्त. घरातल्या विम्याच्या पॉलिसी काढून वाचा. अपघात विमा असेल तर तो आजाराला लागू होणार नाही, त्यावर विसंबू नका. निक्षय पोषण योजनेचे महिन्याला एक हजार रुपये त्याचेही आहेत. डॉक्टर ते घ्यायला लाजतात. त्याला सांगा, पेशंट म्हणून नाव लागलंय तर पेशंटचा हक्कही घे.

आणखी एक दार आहे, ज्याच्याकडे आपण डॉक्टर कधीच बघत नाही. हा आजार त्याला कुठे झाला? १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, भाग अ मध्ये पहिलीच नोंद होती ती संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामात जडलेल्या संसर्गजन्य रोगांची, आणि त्या कामांत आरोग्यसेवा आणि प्रयोगशाळेचं काम स्पष्ट लिहिलेलं होतं. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही व्यवसायजन्य रोगांची अशीच तिसरी अनुसूची आहे. खाणकामगाराला सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) झाला तर आम्ही धावपळ करून कागद करतो. डॉक्टरला ओपीडीत टीबी लागला तर त्याला नशीब म्हणतो. तुमच्या मित्राला यातून काही मिळेल की नाही हे त्याच्या नेमणुकीच्या आदेशावर, कराराच्या भाषेवर आणि पुराव्यावर अवलंबून आहे. कामगार कायद्याच्या वकिलाला तो आदेश दाखवा. पण पुरावा आजच जमवायला लागा: मागच्या दोन वर्षांत त्याच्या केंद्रावर किती टीबीचे पेशंट नोंदले गेले, त्यात एमडीआर होते का, त्याची नोकरीच्या वेळची तपासणी आणि जुना छातीचा फोटो आहे का, मास्क मिळत होते का. सहा महिन्यांनी हे कागद शोधायला गेलात तर सापडणार नाहीत.

आता कामावर परतणं. इथे बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे हे आधी मान्य करतो. साध्या टीबीत योग्य औषध सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्ग बराच कमी होतो, असं आपण शिकलो. एमडीआरमध्ये दिवस मोजून मी कोणालाही ओपीडीत बसवत नाही. थुंकीच्या तपासणीचे अहवाल, डीआर-टीबी केंद्राचं मत आणि कामाची जागा या तिन्हींवर ठरवतो. त्याच्या केंद्रावर दुसरा वैद्यकीय अधिकारी आहे की पद रिकामं आहे, यावरही बरंच ठरतं. पद रिकामं असेल तर ‘अर्धा वेळ’ लिहिलेला कागद तिथे टिकत नाही, कारण प्रसूतीला आलेली बाई अर्धा वेळ बघत नाही. अशा वेळी मी तात्पुरती दुसऱ्या केंद्रावर किंवा तालुका कार्यालयात बैठ्या कामाची शिफारस करतो. नियमित नोकरी, कंत्राट आणि बंधपत्रित सेवा या तिन्हींत रजेचे नियम वेगळे, तेही तपासा.

माझा कागद कसा असतो ते दाखवतो. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे, असा:

‘डॉ. — हे अमुक तारखेपासून पुढीलप्रमाणे काम करण्यास सक्षम आहेत. पहिले चार आठवडे रोज चार तास, दिवसाची ओपीडी, हवेशीर खोलीत. आठ आठवडे रात्रपाळी, शवविच्छेदन, आणि सूर्यास्तानंतर वाहन चालवणे नको. टाके व बारीक हाताचे काम पुढील तपासणीपर्यंत नको. आठवड्यातून एक दिवस तपासणीसाठी सुटी आवश्यक. पुनर्तपासणी अमुक तारखेस.’

रोगाचं नाव यात कुठेही नाही. अधिकाऱ्याला जे ठरवायचं आहे ते सगळं आहे. शवविच्छेदन मी मुद्दाम लिहितो, कारण पीएचसीच्या डॉक्टरला ते करावं लागतं आणि बंद, अंधाऱ्या खोलीत करावं लागतं. हे लिहिलं नाही तर पहिल्याच आठवड्यात पोलीस पाटील दारात उभा असतो आणि आपला माणूस नाही म्हणू शकत नाही.

त्या ‘हवेशीर खोली’चंही बघा, त्याच्यासाठी आणि त्याच्या जागी सध्या बसणाऱ्यासाठी. पुष्कळ केंद्रांत डॉक्टरचं टेबल भिंतीला टेकून, खिडकी पेशंटच्या पाठीमागे, आणि ती खिडकी कूलर लावून बंद केलेली. मग पेशंट खोकतो ती हवा सरळ आपल्या तोंडावर. टेबल असं फिरवा की ताजी हवा आधी डॉक्टरकडे येईल, मग पेशंटकडे आणि तिथून बाहेर. उदबत्ती लावून धूर कुठे जातो बघा, लगेच कळतं. खोकणारा पेशंट आधी बाहेर, झाडाखाली तपासा, त्याला साधा मास्क द्या, तुम्ही एन९५ घाला. मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात एन९५ घालून दीडशे पेशंट बघणं काय असतं ते मला माहीत आहे. तरीही घाला. आणि तुमच्या मित्रासोबत त्या खोलीत बसलेली परिचारिका, फार्मासिस्ट, प्रयोगशाळेचा मुलगा, त्याची बायको आणि विशेषतः ती तीन वर्षांची मुलगी, यांची तपासणी झाली का, हे विचारा. तुमचा स्वतःचा छातीचा फोटो शेवटचा कधी काढला होता, तेही आठवा. खाणीतल्या माणसाची छाती कायद्याने तपासली जाते. त्याला तपासणाऱ्या पीएचसीच्या डॉक्टरची कोणी तपासत नाही.

एक वाक्य तुम्ही शेवटी घाईत लिहिलंय: तो बायकोला म्हणाला, ‘माझ्याशिवाय काही अडत नाही.’ कदाचित थकून म्हणाला असेल. पण झोप गेलेला, पगार थांबलेला, घरात एका खोलीत वेगळा राहणारा आणि हाताशी औषधं असलेला डॉक्टर असं म्हणतो, तेव्हा मी ते तसंच सोडत नाही. त्याला सरळ विचारा, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट पुष्कळदा माणूस मोकळा होतो. ‘हो’ म्हणाला किंवा उत्तर टाळलं, तर त्या रात्री त्याला एकटं ठेवू नका, घरातल्या गोळ्या आणि इंजेक्शनं वहिनींच्या ताब्यात द्या, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. शक्य तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या, जिथे त्याला कोणी ओळखत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तोही त्याच्या आणि वहिनींच्या फोनमध्ये आजच टाका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यावर बंधनकारक केलं आहे, हे त्याला सांगा. डॉक्टर मानसोपचाराकडे जात नाहीत ते बहुतेक ‘कळलं तर’ या धास्तीनेच.

उपचाराला त्याचा एक डॉक्टर ठरवून द्या, जो तुमच्या बॅचचा नाही. त्याचा केसपेपर काढा, फी द्यायला लावा, भले दहा रुपये असू देत. पुढच्या भेटीची तारीख त्या कागदावर लिहून घ्या.

फोन तो उचलणार नाही, म्हणून रविवारी जा. बॅचचे दहा जण मिळून जाऊ नका, तुम्ही आणि त्याला लहानपणापासून ओळखणारा एखादा, एवढेच. अंगणात, मोकळ्या हवेत खुर्च्या टाकून बसा. तुम्ही एन९५ घाला, त्याला साधा मास्क द्या, म्हणजे तुम्ही त्याला घाबरताय की नाही हे त्याला ताडत बसावं लागणार नाही. ग्रुपवर टाकायचा मजकूर त्याला दाखवा आणि विचारा, हे टाकायचं का. तो नको म्हणाला तर तो विषय तिथेच संपवा. जेवायला थांबा. वहिनींशी वेगळं बोला, हप्त्यांची यादी करा, गोळ्यांची पाकिटं बघा. निघताना त्याच्या शेवटच्या थुंकीच्या तपासणीची तारीख आणि निकाल लिहून घ्या, बोटांना मुंग्या आहेत का ते विचारा, आणि त्याची हरकत नसेल तर नाव न घालता तेवढंच मला कळवा. फिटनेसचा कागद कधी आणि कसा लिहायचा ते त्यावरून ठरवू.